आक्काच्या दारातला सडा

३ नोव्हेंबर, सोमवार

आरती मॅडम म्हणाल्या, "मनात येईल ते लिहून काढत जा, हलकं वाटतं." मी म्हणलं, "बाई, माझ्या मनातलं तोंडावर येऊन सांडतंय, लिहायला उरणार काय?" सगळा ओटा हसला. गौराक्का तर तोंडाला पदर लावून हसली. तरीबी घरी येऊन बघितलं तर संगमेशनं जळकोटातल्या बियाण्याच्या दुकानातून आणलेली डायरी कपाटात कोरीच पडलेली. म्हणलं चला, लिहू.

कुणी वाचणार न्हाई, पण नाव घालायचं म्हणून घालते. मी रत्नम्मा. मालक शिवप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. पोरगा संगमेश हैदराबादला कंपनीत. घरात मी अन् एक मांजर, अन् भिंतीपलीकडं माझी थोरली जाऊ, गौराक्का. तिची बी तीच गत. तिचे मालक आमच्या ह्यांच्या आधी गेले, पोरगी वर्षाराणी धर्माबादला दिलेली. आमची भिंत एक, दारं दोन. सकाळी मी भिंतीवर वाटी आपटली की पलीकडून आक्का पळी आपटती. म्हणजे चहा झाला, ये.

आता ह्या आरती मॅडम कोण, तर मूळच्या नांदेडच्या, आरोग्य खात्यात हायेत. आमच्या गावात तरणी पोरं कमी अन् म्हातारे जास्त. खात्यानं ठरवलं म्हणे, दवाखान्यावर खर्च होतोच, थोडा पैसा गावानं बरं राहावं म्हणून गावातच घालायचा. माणूस एकटा पडला की आजारी पडतो, असं मॅडमचं म्हणणं. मला आधी हसू आलं. गप्पा मारायला सरकार पैसे देऊन राहिलं! पण महादेवाच्या देवळापुढं लिंबाखाली झक्कास ओटा बांधला, वर पत्रे घातले, बीपीचं मशीन ठेवलं. अन् आमची आशाताई शिवानी, तिला रोज सकाळी एकट्या म्हाताऱ्यांची फेरी मारायचं काम दिलं.

आजची बैठक त्या फेरीचीच होती. मॅडमनं रंगीत कार्डं आणली होती. उठलं की हिरवं कार्ड दाराला लावायचं, बरं नसलं की लाल. मी उभी राहिले. म्हणलं, "मॅडम, बरं नसलेला माणूस लाल कार्ड शोधत बसंल का? कार्डं राहू द्या. दारात बघा. सडा पडला, रांगोळी पडली म्हणजे बाई उठली, हातपाय चालून राहिलेत. न्हाई पडली तर दार वाजवा."

सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले. मग मॅडमनं टाळ्या वाजवल्या हो! म्हणाल्या, "रत्नम्मा, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं." माणिकप्पा मामा मागून ओरडले, "अन् आमी बिनबायकोच्या गड्यांनी काय करायचं?" म्हणलं, "शिका की मामा आता, वय काय झालंय तुमचं!" आक्का इतकी हसली की तिला ठसका लागला.

आज झोप लागणार न्हाई मला. टाळ्या वाजून राहिल्यात कानात.

१० नोव्हेंबर, सोमवार

आठवडा झाला. योजना मस्त चालून राहिली. माणिकप्पा मामांनी दारात एक रेघ ओढली, तिच्यावर दुसरी आडवी. शिवानी म्हणली, मामा, हे काय? तर म्हणतात, "नांगर हाय." पोरी हसून बेजार.

शिवानी फेरी झटक्यात मारती. तिला थांबावंच लागत न्हाई. कुठली रांगोळी कुणाची हे बायांना लांबूनच कळतं, हात ओळखू येतो. माझी रेघ जाड अन् ठसठशीत, माझ्या बोलण्यासारखी, असं आक्का म्हणती. आक्काची रेघ बारीक, सुतासारखी. गावात लग्न असो का मठात कार्यक्रम, रांगोळीला आक्काच. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड चार ठिपके जोडता येत नव्हते. सासूबाई डोळे वटारून बघायच्या. आक्कानं माझा हात धरून बेलपानांची रांगोळी शिकवली. मधी पिंड, भोवती बेलाची तीन-तीन पानं. मला आईनं शिकवलं न्हाई तितकं ह्या बाईनं शिकवलंय. पण हे तिला तोंडावर सांगायचं न्हाई, शेफारून जाईल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आक्का आळशी होऊन राहिली. सुपारी फोडायला मला सांगती. "माझी बोटं वळंना गेलीत गं, थंडीनं." थंडी काय मला लागत न्हाई? काल चहाची कपबशी हातातून सोडली, नवी होती. वर मलाच म्हणती, तू घाई करतीस म्हणून पडली.

ओट्यावर शिवानीनं बीपी मोजलं तर आक्काचं वाढलेलं. गोळ्या दिल्या, म्हणली, जळकोटला जाऊन डॉक्टरला दाखवून या. आक्का म्हणती, येळवसेचा सण होऊ दे, मग जाऊ. मी बी म्हणलं, येळवस झाली की मीच नेते. एकदा येळवस डोक्यात शिरली की आक्काला दुसरं काही दिसत न्हाई. आत्तापासून आंबिलीच्या गोष्टी.

तिची रांगोळी अलीकडं लहान लहान व्हायली. आज तर नुसते चार ठिपके अन् एक वाकडी रेघ. म्हणलं, पांढरी माती महाग झाली का काय?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज घोटाळा झाला.

मॅडम लातूरहून चार पाहुणे घेऊन आल्या होत्या, आमची सड्याची योजना बघायला. दुसऱ्या गावांतबी करायची म्हणे. मी पुढं पुढं. माझ्याच डोक्यातनं निघालेली गोष्ट, मग मी दाखवणार न्हाई तर कोण? एकेक दार दाखवत आक्काच्या दाराशी आलो. आक्का उंबऱ्यात उभी. पुढं तिची ती वाकडी रांगोळी. पाहुणीनं विचारलं, "ही काय आहे?" मी आपली पटकन बोलून गेले, "ही आमची गावातली नंबर एकची रांगोळीवाली! कोंबडी नाचून गेली बघा दारातून."

सगळे हसले. मी बी हसले. आक्का हसली न्हाई. तिनं खाली बघितलं, मग पायानं ती रांगोळी पुसली, सगळ्यांच्या पुढं. अन् आत जाऊन दार लावलं.

मस्करीच होती की! आम्ही रोज करतो. ती मला जाड रेघेची म्हणती तेव्हा मी दार लावते का?

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी भिंतीवर वाटी आपटली. पळी न्हाई. परत आपटली. न्हाई. बरं तर. मीबी आपटणार न्हाई.

४ डिसेंबर, गुरुवार

पलीकडून भांडी आपटल्याचे आवाज येऊन राहिलेत. परवा पातेलं, काल तांब्या, आज तर काहीतरी मोठंच आदळलं, परात असंल. माझ्यावरचा राग भांड्यावर काढती. काढ म्हणावं.

मधी एकदा भिंतीवर पळी आपटल्यासारखं झालं. एकदाच, हळू. मी हातातलं काम थांबवून ऐकत राहिले. परत वाजलं न्हाई. उगीच आपलाच भास म्हणून मी उत्तर दिलं न्हाई. खरं सांगू का, भास नव्हता. पण म्हणलं, एवढं हळू आपटून भागत न्हाई, माझा मान मोडून चार माणसांत दार लावलंस ते?

चहा एकटीनं पिऊन राहिले. गोड लागत न्हाई.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आक्का ओट्यावर यायची बंद झाली. मी बसते म्हणून. आता मी काय ओटा सोडू? शिवानी मशीन घेऊन तिच्या घरी गेली तर म्हणली, मला काही झालं न्हाई, जा तू. गोळ्या संपल्या का विचारलं तर मान हलवली म्हणे, हो का न्हाई तेच शिवानीला कळलं न्हाई. शिवानी मला म्हणली, "रत्नाकाकू, तुमी जाऊन बोला ना. तुमच्याशिवाय त्या कुणाचं ऐकत न्हाईत." मी म्हणलं, "मी कशाला? वयानं मोठी कोण? तिनं बोलावं."

संध्याकाळी धर्माबादहून वर्षाराणीचा फोन आला. "काकू, आईचं बोलणं बोबडं येऊन राहिलंय फोनवर. बरी हाय ना ती?" मी म्हणलं, "अगं कवळी घालत न्हाई ती, दुखती म्हणती. भांडी तर अशी आपटती की गाव उठावं. ताकद हाय चांगली." मग पोरगी हसली. भांडणाचं मी तिला सांगितलं न्हाई. तिकडं बसून जीवाला घोर कशाला?

रांगोळी पडती रोज तिच्या दारात. ठिपके न्हाईत, नुसती एक रेघ, पण पडती. म्हणजे ठीक हाय.

१८ डिसेंबर, गुरुवार

उद्या येळवस. आमची वेळा अमावस्या. पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळत न्हाई. सगळं गाव कुलपं लावून शेतात. कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडायचे, चुन्यानं रंगवायचे, पूजा करायची अन् दिवसभर खायचं. ताक-ज्वारीची आंबील मडक्यात, बाजरीचे उंडे, सगळ्या शेंगांची अन् पालेभाज्यांची भज्जी. तेलातली भजी न्हाई हो, आमची भज्जी. अंधार पडला की पेटती पेंढी घेऊन शेताला फेरी, मग घरी.

दरवर्षी आदल्या दिवशी मी अन् आक्का एकाच चुलीवर. ती शेंगा सोलती, मी बडबडते. औंदा मी एकटीच सोलत बसले. आंबिलीला फोडणी देताना सारखं वाटलं, लसूण आक्काला विचारून घालावा. तिच्या अंदाजानं घातला. बरोबर पडला असंल.

शिवानीनं आक्काला विचारलं होतं, आमच्या गाडीत येता का. तर म्हणली, मी येईन माझी माझी. मी ठरवलंय. उद्या शेतात पहिली आंबील केळीत भरून, केळी म्हणजे आमचं ते बारकं मडकं, तिच्या पुढं नेऊन ठेवायची. बोलायचं न्हाई, नुसती ठेवायची. ती म्हणंल, लसूण जास्त झालाय. मी म्हणंन, तूच शिकवलंय. झालं भांडण संपलं.

मला आता सोसंना गेलंय बाई. कोण मोठं अन् कोण लहान, जाऊ दे मरू दे.

१९ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी

निघायच्या आधी दोन ओळी लिहिते, कारण मन लई खुश हाय.

सडा टाकायला बाहेर आले तर आक्काचं दार कोरडं ठक्क. येळवसेच्या दिवशी! वर्षाचा सण अन् दारात पाणी न्हाई? आधी म्हणलं, मुद्दाम केलं असंल, मला दाखवायला. मग म्हणलं, रात्री एकटीनं सैपाक करून दमली असंल, डोळा लागला असंल. हाक ओठावर आली होती. पण म्हणलं न्हाई, हाक शेतात मारायची, आंबील देऊन. इथं मारली तर गंमत जाईल.

मग मीच तिच्या दारात शेणाचा सडा टाकला अन् रांगोळी काढली. तिनंच शिकवलेली, बेलपानांची. उंबऱ्याला टेकून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेघ बारीक काढायचा लई प्रयत्न केला, तरी जाडच आली. मधी एकदा मुद्दाम खाकरले, तिला कळावं कोण हाय म्हणून. तर आतून काहीतरी घासल्यासारखा आवाज आला, दाराच्या अगदी जवळून. म्हणलं, हां! जागी हाय की. दाराला कान लावून ऐकून राहिली, अन् बोलायचं न्हाई. आक्काच ती. मग मी अजून दोन पानं जास्तीची काढली अन् मोठ्यानं म्हणलं, "झाली बाई एकदाची!" अन् पळाले.

आता दार उघडंल अन् बघंल. बघून हसंलच. चला, गाडी आली.

२१ डिसेंबर, रविवार, लातूर

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहून राहिले. मॅडम म्हणाल्या होत्या लिहिलं की हलकं वाटतं. खोटं हाय ते.

शेतात आक्का आली न्हाई. दुपारपर्यंत वाट बघितली. शिवानीला विचारलं, ती म्हणली, दारात रांगोळी होती, म्हणजे उठल्या होत्या. मलाबी वाटलं, जागी तर होतीच. कुणी म्हणलं भावाकडच्या शेतात गेली असंल. मी म्हणलं, असंल, माझं तोंड बघायचं नसंल तिला. अन् मी जेवले. उंडे खाल्ले, भज्जी खाल्ली, माणिकप्पा मामांची मस्करी केली. पोटभर जेवले मी.

तिच्या वाटणीची आंबील केळीत भरून घरी आणली. अंधार पडून राहिला होता. दाराशी आले. केळी हातात. खाली बघितलं तर रांगोळी जशीच्या तशी. एक पान मोडलेलं न्हाई. उंबऱ्याला टेकून काढलेली ती, तिच्यावर पाय दिल्याबिगर घरातून बाहेर पडताच येत न्हाई. दिवसभरात तिच्यावर पाऊलच पडलं नव्हतं.

मी हाक मारली तेव्हा. आक्का, ए आक्का. चोवीस दिवसांत पहिली हाक.

माणिकप्पा मामांनी अन् दोन पोरांनी कडी मोडली. दार पुरं उघडंना, कारण ती दारामागंच होती. चुलीपाशी सड्याची बादली लवंडलेली, पाणी वाळून गेलेलं, शेणाचा डाग. तिथून दारापर्यंत ती सरकत आली होती. लुगडं एका बाजूनं सगळं घासलेलं. एक हात दाराकडं, अन् डोळे उघडे. जिवंत होती. तोंडातनं आवाज निघत नव्हता नुसता.

घासल्यासारखा आवाज आला होता. मी वर लिहिलंय. मागचं पान काढून बघितलं, मीच लिहिलंय.

आधी जळकोट, मग उदगीर, मग इथं लातूरला. डॉक्टरनं विचारलं, कधीपासून असं? मी म्हणलं सकाळपासून. ते म्हणले, सकाळीच आणायला पाहिजे होतं, पहिल्या काही तासांत इलाज असतो. मग त्यांनी विचारलं, आधी काही लक्षणं? हातातून वस्तू पडणं, बोलणं अडखळणं?

कपबशी. पातेलं. तांब्या. परात. वाकडी रेघ.

मी म्हणलं, "हाव." दुसरं काय म्हणणार?

२३ डिसेंबर, मंगळवार

शिवानी आली. मला बघितल्या बघितल्या गळ्यात पडून रडली. म्हणली, "काकू, मी थांबले होते त्या दारापुढं. रांगोळी बघितली, तुमचा हात ओळखला. मला इतकं बरं वाटलं, म्हणलं जमलं ह्यांचं एकदाचं. तुमी आत जाऊन चहा पिऊनच रांगोळी काढली असंल असं वाटलं. म्हणून मी हाक मारली न्हाई. दुसऱ्या कुणाची असती तर मारली असती."

म्हणजे माझी रांगोळी नसती तर दार कोरडं दिसलं असतं. कोरडं दिसलं असतं तर शिवानीनं वाजवलं असतं. मीच सांगितलं होतं भर बैठकीत, न्हाई पडली तर दार वाजवा. टाळ्या वाजल्या होत्या.

शिवानीला मी म्हणलं, तुझी काही चूक न्हाई पोरी. तिनं मला तेच म्हणलं. दोघींनाबी पटलं न्हाई.

२५ डिसेंबर, गुरुवार

वर्षाराणी दिवसभर आईजवळ असती, मला थोडा वेळ आत सोडतात. आज मी आक्काशी लई बोलले. सगळं सांगितलं. कोंबडीची मस्करी, भिंतीवरची पळी मी ऐकली होती ते, रांगोळीचं, आवाजाचं. म्हणलं, आक्का, मला वाटलं तू रुसून बसलीस गं. मला वाटलं तू ऐकून हसून राहिलीस.

तिनं डोळे फिरवले. माझ्याकडं बघितलं का माझ्या मागच्या भिंतीकडं, कळलं न्हाई. डावा हात हलतो तिचा. तो मी हातात घेतला तर तिनं सोडवून घेतला. रागानं का नुसताच निसटला, तेबी कळलं न्हाई. परत घ्यायची माझी हिंमत झाली न्हाई.

वर्षाराणीनं विचारलं, "काकू, त्या दिवशी मी फोन केला होता तेव्हा बोबडं बोलत होती ना ती?" मी म्हणलं, हाव. ती पुढं काही बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२७ डिसेंबर, शनिवार

आक्का गेली. पहाटं. मी व्हरांड्यात झोपले होते.

२९ डिसेंबर, सोमवार

काल मठाच्या जागेत समाधी दिली. आमच्या रीतीनं बसवून, अंगाला भस्म, हातात लिंग, भोवती बेलाची पानं. बेलाची पानं टाकायची माझी पाळी आली तेव्हा माझ्या हातनं सगळी पानं एकाच जागी पडली. माणिकप्पा मामांनी मला धरून बाजूला नेलं.

वर्षाराणी जाताना भेटायला आली. गळ्यात पडली. आमच्याकडं गळ्यात पडून रडतात तशी ती रडली, मी रडले, पण माझ्या पाठीवर तिचा हात टेकला न्हाई. मला कळलं ते. तिच्या जागी मीबी टेकवला नसता.

आमच्यात सुतक पाळत न्हाईत. म्हणजे दारात सडा टाकायला हरकत न्हाई. पण माझ्यानं बादली उचलवंना.

५ जानेवारी, सोमवार

ओट्यावर बैठक झाली. आरती मॅडम आल्या होत्या, सोबत खात्यातले एक साहेब. साहेब म्हणाले की योजना चांगली होती, पण फेरी मारणाऱ्या व्यक्तीनं नीट लक्ष दिलं नाही. शिवानी खाली मान घालून बसलेली. पोरीचं तोंड एवढंसं झालेलं.

मी उठले. म्हणलं, "साहेब, शिवानीला काही बोलू नका. रांगोळी मी काढली होती." सगळा ओटा माझ्याकडं वळला, तसाच, त्या दिवशीसारखा. "शेजारणीचं दार सणाला कोरडं दिसलं तर आमच्याकडं बाई रांगोळी काढूनच देती. कुणीबी काढली असती. हे मला बैठकीत आठवायला पाहिजे होतं. न्हाई आठवलं. दार बघून माणूस कळत न्हाई, साहेब. म्हणून आता सडा बघू नका. हाक मारा. अन् आतून ओ आल्याबिगर हलू नका."

टाळ्या कुणी वाजवल्या न्हाईत. मॅडमनं डोळे पुसले अन् म्हणाल्या, "असंच करू." माणिकप्पा मामा म्हणले, "शिवानी एकटी किती दारं करंल? अर्धी मी करतो. नांगर काढण्यापेक्षा सोपं हाय." कुणीतरी हसलं. मला वाटलं आक्काच हसली, मी वळून बघितलं.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

आज माझ्यानं उठवलं न्हाई. जाग होती, अंगात काही झालेलं न्हाई, पण उठून करायचं काय? तिळगूळ कुणाला द्यायचा? गोड बोल म्हणून कुणाला सांगायचं? भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

तेवढ्यात दाराशी काठी वाजली. "रत्नम्माऽ!" माणिकप्पा मामा. आता रोज येतात, मी रोज ओ देते, ते पुढं जातात. आज मी दिली न्हाई.

"रत्नम्माऽ! ए पोरी!"

मी गप्प पडून राहिले. मनात म्हणलं, बघू, किती वेळ हाक मारतोय म्हातारा. वाईट गोष्ट हाय, पण बघायचंच होतं मला. मामा थांबले न्हाईत. काठी दारावर आपटली. मग शिवानी पळत आल्याचं कळलं. "काकू! काकू, ओ द्या! मामा, कडी मोडा, थांबू नका!" पोरीच्या आवाजात रडं होतं. बाहेर माणसं गोळा व्हायली. एवढ्याशा दाराला एवढी माणसं, अन् सगळी माझंच नाव घेऊन राहिलेली.

मी उठून दारापाशी आले. खाली बसले, आक्का होती तशी, दाराला हात लावून. आत अंधार असतो, बाहेरचं सगळं ऐकू येतं. खाकरलेलंबी ऐकू येतं. पांढरी माती चिमटीतून पडती तेबी ऐकू येत असंल. आक्कानं माझं सगळं ऐकलं होतं त्या दिवशी, माझं ते "झाली बाई एकदाची" बी. फक्त हाक तेवढी ऐकली न्हाई, कारण मी मारलीच न्हाई.

शिवानी परत ओरडली, "काकू!"

मी ओ दिली. लई मोठ्यानं दिली, भिंतीपलीकडं जाईल इतक्या मोठ्यानं. मग दार उघडून सगळ्यांना तिळगूळ दिला.